निर्धनांचा व्याधि

“आजोबा, आजार काळा कसा असतो?” कालाआजार हें नांव ऐकून आमच्या नातवानें विचारलें. शब्दाचें मूळ कोणीं विचारलें कीं निवृत्त शिक्षकाची कळी खुलते. ‘आजार’ हा शब्द मराठींत फारसींतून आला, आणि या ज्वरांत रोग्याची कातडी काळवंडते म्हणून तो काळा, असें मीं सांगितलें. लागलीच दुसरा प्रश्न आला, “मग यावर औषध काय?” वाचकहो, व्युत्पत्तीहून हें उत्तर फार लांब आहे.

हा रोग विशेषेंकरून बिहार व बंगाल या प्रांतांतला. वालुमक्षिकेच्या दंशानें एक अतिसूक्ष्म परोपजीवी शरीरांत शिरतो. प्लीहा वाढते, रक्त आटतें, आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. मातीच्या ओलसर भिंती व गुरांचे गोठे हीं त्या माशीचीं आवडतीं स्थानें. अर्थात् व्याधि गरिबाचेंच दार ठोठावतो.

डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं १९२० सालीं यूरिया स्टिबामाइन हें औषध सिद्ध केलें, तें कलकत्त्याच्या कँपबेल रुग्णालयांतील एका लहानशा खोलींत. तेथें ना विजेचा दिवा, ना पाण्याचा नळ. होता तो धुरकट कंदील. त्या औषधानें असंख्य प्राण वाचले. अँटिमनी धातूपासून केलेलीं त्या वर्गांतील औषधें पुढें अनेक दशकें चाललीं. परंतु शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारांत निम्म्याहून अधिक रोग्यांस त्यांचा गुण येईनासा झाला.

मग नवीं औषधें आलीं, तीं कोठून? मिल्टेफोसिन निघालें कर्करोगासाठीं, अँफोटेरिसिन बुरशीच्या रोगांसाठीं. पहिलें तोंडानें घेतां येतें व भारतांत २००२ सालीं मान्य झालें, पण गर्भवतीस तें वर्ज्य. दुसरें मेदाच्या सूक्ष्म कणांत घालून एकदांच शिरेवाटे दिलें तरी पुरतें, हें भारतांतील चाचणीनें २०१० सालीं दाखविलें. मात्र तें इतकें महाग, कीं निर्मात्या कंपनीनें जागतिक आरोग्य संघटनेस दिलेल्या दानावर गरिबाचा उपचार अवलंबून राहिला.

दुसऱ्यांच्या पंगतींत उरलेलें अन्न भुकेल्याचा जीव वांचवितें, त्यास नांवें ठेवूं नयेत. परंतु त्याच्यासाठीं चूल कां पेटत नाहीं? त्याच्या कनवटीस पैसा नाहीं, एवढेंच कारण. ब्रह्मचारींच्या कंदिलाचें मोल येथें कळतें. त्यांनीं बाजार पाहिला नाहीं, रोगी पाहिला.

बांगलादेशानें २०२३ सालीं या व्याधीचें सार्वजनिक संकट म्हणून निर्मूलन केलें, हें खरोखर अभिनंदनीय. तथापि बऱ्या झालेल्या कित्येकांच्या त्वचेवर पुढें चट्टे उठतात व त्यांत परोपजीवी दडून राहतो. रोगी थोडे उरले म्हणजे लोकांचें लक्षही उडतें. आणि निर्धोक, स्वस्त, तोंडानें घेण्याजोग्या औषधाचा शोध तर अजून चालूच आहे.

नातवास मीं सांगितलें, “बाळ, उत्तर अर्धेंच लिहून झालें आहे.” तो म्हणाला, “मग उरलेलें कोण लिहिणार?” चाळीस वर्षें मुलांना प्रश्न घातले; या प्रश्नापुढें मात्र मीं मान खालीं घातली.