ज्या भुकेला इफ्तारची वेळ नव्हती

रमजानचा पहिला अशरा संपत येतो तेव्हा, दहाव्या रोज्याला, अनेक घरांत हजरत खदीजा (रजि.) यांचे स्मरण केले जाते. परंपरेनुसार याच तारखेला, हिजरतीच्या सुमारे तीन वर्षे आधी, इ.स. ६१९ मध्ये मक्केत त्यांचे निधन झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पहिल्या पत्नी आणि त्यांच्यावर ईमान आणणारी पहिली व्यक्ती, ही त्यांची ओळख सर्वांनाच ठाऊक असते. एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. रमजानचे रोजे फर्ज झाले ते हिजरी सन २ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर जवळपास पाच वर्षांनी. उम्मतची ही माता रमजानचा एकही फर्ज रोजा न ठेवता जगातून गेली. तरीही अल्लाहसाठी उपाशी राहणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके फार थोड्यांना कळले असेल.

हजरत खदीजा कुरैश टोळीतील प्रतिष्ठित व्यापारी होत्या. सीरियाकडे जाणाऱ्या काफिल्यांत त्यांचा माल असे. व्यापारी जोखीम घेतो, पण डोळे झाकून घेत नाही. तरुण मुहम्मद (स.) यांच्या हाती त्यांनी माल सोपवला तो त्यांच्या सचोटीचा लौकिक ऐकून, आणि सोबत आपला सेवक मैसरा यालाही पाठवले. काफिला परतल्यावर त्यांनी नफा पाहिला, तसेच प्रवासातली वागणूक कशी होती हेही मैसराकडून ऐकले. त्यानंतर विवाहाचा प्रस्ताव गेला तो त्यांच्याच बाजूने.

सुमारे पंधरा वर्षांनी, इ.स. ६१० च्या रमजानमध्ये हिरा गुहेत पहिली वह्य उतरली. प्रेषित (स.) थरथरत घरी आले. त्या वेळी खदीजांनी त्यांना धीर दिला तो एखाद्या चमत्काराचा दाखला देऊन नव्हे. त्यांनी पतीचे आचरण त्यांच्यापुढे मांडले. हा माणूस नाती जपतो, थकलेल्याचे ओझे उचलतो, गरिबाला मदत करतो, पाहुण्याचा आदर करतो, संकटात सापडलेल्याच्या पाठीशी उभा राहतो. अशा माणसाला अल्लाह वाऱ्यावर सोडणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांची श्रद्धा अनुभवाच्या पायावर उभी होती.

मग त्या पतीला आपले चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. वरका ख्रिस्ती होते, जुन्या धर्मग्रंथांचे जाणकार होते. त्यांनी प्रेषितत्वाची ग्वाही दिली, पण त्याच बैठकीत इशाराही दिला, की लोक तुमच्याशी वैर धरतील, तुम्हाला या शहरातून बाहेर काढतील. म्हणजे या सौद्याची किंमत खदीजांना पहिल्याच दिवशी कळली होती. ती ऐकूनही त्या मागे हटल्या नाहीत.

किंमत वसूल झाली ती काही वर्षांनी. कुरैशच्या सरदारांनी करारनामा लिहून काबागृहात टांगला. बनू हाशिमशी सोयरीक करायची नाही, त्यांना काही विकायचे नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही. सुमारे तीन वर्षे हे कुटुंब शिअब-ए-अबी तालिब या दरीत कोंडले गेले. झाडांचा पाला खाण्याची वेळ आली. जिचा माल कधी काफिल्यांनी जात असे, ती साठी ओलांडलेली स्त्री त्या दरीत होती. त्यांचे भाचे हकीम बिन हिजाम यांनी तेव्हा इस्लाम स्वीकारलेला नव्हता, तरी ते आत्यासाठी लपूनछपून धान्य पाठवत. अखेर हा बहिष्कार मोडून काढण्यात पुढाकार घेणारेही मक्केतले मुस्लिमेतर सज्जन होते. आपल्याच जमातीच्या अन्यायाविरुद्ध भर सभेत उभे राहण्याची जोखीम त्यांनी पत्करली. बहिष्कार संपला आणि थोड्याच काळात खदीजा गेल्या. हिजरत, मदिना, मक्काविजय यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही.

श्रद्धेसाठी जोखीम, हे शब्द आज ऐकले की भडक भाषणे आणि रस्त्यावरचा आवेश आठवतो. तिथे जोखमीची भाषा एक जण करतो आणि नुकसान दुसऱ्याच्या लेकरांचे होते. खदीजांनी पणाला लावले ते स्वतःचे धन, स्वतःचा आराम, स्वतःची प्रतिष्ठा. कुरआनच्या सूरह बकरामधील ज्या आयतीत स्वतःच्या हातांनी विनाश ओढवून घेण्याची मनाई आहे, तिची सुरुवातच अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याच्या आदेशाने होते. आततायीपणा आणि त्याग यांच्यातली सीमारेषा इथे स्पष्ट होते.

अशा त्यागाची संधी आजही रोज समोर येते, फक्त तिला कोणी मोहीम म्हणत नाही. मुलीचा वारसा हक्क कुरआनने ठरवून दिला आहे. तो बहिणीच्या हाती देताना भावाला जमिनीचा तुकडा सोडावा लागतो. मुलाच्या लग्नात जहेज नाकारणाऱ्या बापाला बिरादरीची कुजबुज सोसावी लागते. खरे माप देणाऱ्या दुकानदाराला शेजारच्या दुकानातली गर्दी पाहावी लागते. आपल्याच माणसाविरुद्ध खरी साक्ष देणाऱ्याला मोहल्ल्यात एकटे पडावे लागते. रोजा ठेवल्याबद्दल कोणी वाळीत टाकत नाही, उलट इफ्तारची निमंत्रणे येतात. खरा कस लागतो तो या बाकीच्या ठिकाणी, आणि तिथेच पुष्कळ रोजेदार माघार घेतात.

रोज्याची भूक मगरिबच्या अजानला संपते. दस्तरखानावर खजूर ठेवलेला असतो, म्हणून दिवस निभावतो. दरीतल्या त्या भुकेला अशी ठरलेली वेळ नव्हती, ती कधी संपेल हे कोणी सांगू शकत नव्हते. पुढे प्रेषित (स.) घरी बकरी कापली की तिचे मांस खदीजांच्या मैत्रिणींकडे आठवणीने पाठवत. फातिहा आणि तकरीर यांच्या सोबतीने यंदाच्या दहाव्या रोज्याला एखाद्या घरात बहिणीचा अडकून राहिलेला हिस्सा तिच्या हाती पडला, तर उम्मतच्या मातेचे ते खरे स्मरण ठरेल.