कारण : घरगुती?

पायलट बाईने नोकरी सोडायचा विषय काढला, की समोरच्याचं उत्तर तयारच असतं. 'मुलीसाठी ना? बरोबर आहे.' नाहीतर, 'अगं, एवढ्या मेहनतीने मिळवलंस आणि सोडतेस?' बोलणारी माणसं आपलीच असतात, काळजीनेच बोलतात. पण नेमकं काय नकोसं झालंय, हे कुणी विचारत नाही.

मी छोट्या शहरांना जोडणारं, सत्तर-बहात्तर आसनांचं एटीआर उडवते. कॅप्टन आहे. मोठी जेट विमानं ३५ हजार फुटांवरून जातात, आमच्या या पंख्याच्या विमानाची मर्यादा २५ हजार. पावसाळी ढग त्याहून उंच चढतात, मग वळसे घालत वाट काढायची. दिवसात चार-चार वेळा उतरायचं. हे काम मला आजही आवडतं. नकोसं झालंय ते रोस्टर. पहाटे तीनचा गजर, आयत्या वेळी बदललेली ड्यूटी आणि आठ वर्षांच्या लेकीच्या 'उद्या घरी असशील ना?' या प्रश्नावर गप्प बसणं.

१९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला क्रू असलेलं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. तेव्हापासून आपण बराच पल्ला गाठलाय. देशातल्या वैमानिकांत आज सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. अभिमान वाटतोच. पण त्याचं ओझंही होतं. मी सोडलं तर 'बघा, बायका टिकत नाहीत' हे ठरलेलं. माझ्याबरोबरचे दोघे पुरुष याच रोस्टरला कंटाळून गेले, तेव्हा 'पुरुष टिकत नाहीत' असं कुणी म्हटलं नाही!

थकवा काही बायकी आजार नव्हे. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारा नियम जुलै २०२५ पासून लागू झाला, तो सगळ्याच वैमानिकांसाठी. मग थकल्याचं कबूल करायला मीच का लाजावं?

बरं, हा निर्णय रागाच्या भरात घेताही येत नाही. २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. शिवाय ९० दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग झाली नाहीत, तर आधी सिम्युलेटरवर बसावं लागतं. म्हणजे परतीची वाट कष्टाची आहे, बंद नाही.

म्हणून मी ठरवलंय. आधी लेखी मागणी करायची : महिन्यातले काही दिवस पक्के सांगा, ते बदलू नका. पुरुष सहकाऱ्यांनाही त्यावर सही करायला सांगणार आहे. त्यांनाही लेकरं आहेतच की! नाहीच ऐकलं, तर राजीनामा. मात्र कारणाच्या रकान्यात आपण बायका सवयीने लिहितो ते 'घरगुती अडचण' मी लिहिणार नाही. अडचण घरात नाहीच. मी लिहीन, 'रोस्टर'.