मज्जारज्जूचे संशोधन : आशा आणि विवेक

मार्च २०२५ मध्ये जपानमधील केओ विद्यापीठाने एका चिकित्सा चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे त्या जागेखालची हालचाल आणि संवेदना पूर्णपणे गमावलेल्या चार रुग्णांच्या मज्जारज्जूत, अपघातानंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत, प्रत्येकी सुमारे वीस लाख पेशी सोडण्यात आल्या होत्या. वर्षभराच्या निरीक्षणानंतर त्यांपैकी एक जण आधाराविना उभा राहू शकला व चालण्याचा सराव करू लागला. दुसऱ्याच्या अवयवांत काही हालचाल परतली. उरलेल्या दोघांच्या अवस्थेत फारसा फरक पडला नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र कोणालाही झाला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक माणसे मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगत आहेत. त्यांच्या घरांत ही वार्ता किती उत्कंठेने वाचली गेली असेल, याची आपण कल्पना करू शकतो. म्हणूनच तिचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बोट कापले तर जखम भरून येते, हाड मोडले तर सांधते. मज्जारज्जूचे तसे नाही. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणारे त्यातील तंतू एकदा तुटले की आपण होऊन पुन्हा जुळत नाहीत. ते मुळातच वाढू शकत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९८१ साली माँट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड व अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांवरील प्रयोगातून त्याला छेद दिला. पायातील मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा जोडला असता मज्जारज्जूतील तंतू त्यातून वाढत गेले. वाढण्याची शक्ती तंतूंत आहे. भोवतालची परिस्थिती आणि जखमेचा वण त्यांना अडवतात, हे त्यातून स्पष्ट झाले. नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रुजवाव्यात आणि तुटलेल्या मार्गाला आधार द्यावा, हा आजच्या प्रयत्नांचा गाभा आहे.

परंतु या नव्या पेशी आणायच्या कोठून? येथे विज्ञानाच्या प्रश्नाला नीतीचा प्रश्न येऊन भिडतो. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्या मिळवण्यासाठी काही दिवसांच्या भ्रूणाचा नाश करावा लागतो. एका माणसाला उभे करण्यासाठी दुसऱ्या मानवी जीवाचा कच्चा माल म्हणून उपयोग करता येणार नाही, ही ख्रिस्तसभेची भूमिका १९८७, १९९५ आणि २००८ सालच्या अधिकृत दस्तऐवजांतून स्पष्टपणे मांडली गेली आहे. त्याच २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजाने प्रौढ व्यक्तीच्या ऊती, नाळेतील रक्त इत्यादींपासून मिळणाऱ्या मूलपेशींवरील संशोधनाला मात्र प्रोत्साहनच दिले आहे. ख्रिस्तसभेचा विरोध मूलपेशींना नाही, भ्रूणाच्या नाशाला आहे. हा भेद आपल्या भाविकांपैकीही अनेकांना ठाऊक नसतो.

या भूमिकेवर कठोर टीका झाली. ‘सुपरमॅन’च्या भूमिकेमुळे गाजलेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले. २००४ साली मृत्यू येईपर्यंत ते भ्रूणपेशींच्या संशोधनाचा पुरस्कार करीत राहिले. असह्य वेदना भोगणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेला तो आक्रोश होता. त्याची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे एक वेगळी वाट उघडली. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूलपेशींसारखे रूप दिले. या कार्यासाठी २०१२ साली त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. एका मित्राच्या उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना आपल्याला आपल्या मुलींची आठवण झाली, आणि दुसरा मार्ग असलाच पाहिजे असे वाटले, हे त्यांनीच सांगितले आहे. केओ विद्यापीठाच्या चाचणीत वापरलेल्या पेशी याच पद्धतीने तयार केलेल्या होत्या.

‘पाहा, आमचेच खरे ठरले’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरावा, असे आम्हांला वाटते. यामानाका यांच्या शोधालाही भ्रूणपेशींच्या अभ्यासातून मिळालेल्या ज्ञानाचा आधार होता. मज्जारज्जूच्या रुग्णांवर भ्रूणजन्य पेशींची पहिली अधिकृत चाचणी २०१० साली अमेरिकेत सुरू झाली. ती कंपनीने सुमारे वर्षभरानंतर थांबवली, पण आर्थिक कारणांसाठी. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी ते काम हाती घेतले. उद्या त्या मार्गाने यश आले तर भ्रूणाचा नाश योग्य ठरेल काय? मुळीच नाही. नीतीचा निवाडा यशापयशावर ठरत नसतो. आज अपयशाचा दाखला देऊन आपली बाजू मांडणारा माणूस उद्याच्या यशापुढे निरुत्तर होईल.

केओच्या निष्कर्षांबाबतही असाच संयम हवा. रुग्ण केवळ चार होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काही रुग्णांमध्ये आपोआप सुधारणा होते. शिवाय हे सर्व रुग्ण नुकतेच जखमी झालेले होते. दहा वर्षांपूर्वी झाडावरून पडलेल्या किंवा मोटारसायकलच्या अपघातात सापडलेल्या माणसाला या चाचणीवरून कोणतेही आश्वासन देता येत नाही.

हे आवर्जून सांगण्याचे कारण म्हणजे आशेचा बाजार. ‘मूलपेशी उपचार’ अशी जाहिरात करून लाखो रुपये घेणाऱ्या संस्था आपल्या देशातही निघाल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक विकारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. मज्जारज्जूचा त्या अपवादात समावेश नाही. म्हणून जमीन विकण्यापूर्वी, दागिने गहाण ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत आहे काय? पेशी कोठून आणल्या आहेत? आणि प्रयोग म्हणवणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून का घेतले जात आहेत? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर उठून घरी यावे. त्यात श्रद्धेची उणीव नाही, शहाणपण आहे.

संशोधन पूर्णत्वास जाईपर्यंत रुग्णाने काय करावे? वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ साली अपघातात कंबरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे आपल्यासारख्यांसाठी पुनर्वसन विभाग उभा केला. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकर या मराठी जवानाच्या पाठीच्या कण्यात गोळी रुतली होती. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पेशींची वाट पाहत ही माणसे थांबली नाहीत. शय्याव्रण टाळणे, मूत्रमार्गाची निगा, नियमित व्यायाम, योग्य खुर्ची या साध्या गोष्टी आजही आयुष्य वाचवतात. मुंबईत हाजीअली येथील सरकारी पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच कार्य करीत आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. दारातून वाट मिळेना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तेथे आवर्जून नमूद केले आहे. आपल्या धर्मग्रामातील किती चर्चला आज पायऱ्यांशेजारी उतरता मार्ग आहे? अंथरुणाला खिळलेल्या भावाबहिणीच्या घरी आपल्यापैकी किती जण आठवड्यातून एकदा जाऊन त्यांच्या थकलेल्या आईला तासभर विसावा देतात? शास्त्रज्ञ आपले काम करीत आहेत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या. छप्पर उघडण्याचे काम मात्र आपलेच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही.