तीन वेळा म्हणजे किती वाजता?



परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. ऊसतोडीला जाणारा. दोन वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला होता, आता तो पुन्हा उलटला आहे. "गुरुजी, तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला. फडावरच्या गोळ्या संपल्या, मग राहूनच गेलं." तो गेल्यावर शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "ही माणसं अडाणीच!"

मला राग आला. कारण गेल्या वर्षी दाढ सुजली तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या मी तिसऱ्या दिवशी बंद केल्या होत्या. उरलेल्या अजून कपाटात आहेत. आणि मी बी. ए. झालेला!

आता एक सोपं गणित. गोळी दर आठ तासांनी घ्यायची आहे. आपण घेतो सकाळी आठला, दुपारी एकला, रात्री आठला. मधलं अंतर किती? पाच, सात आणि बारा तास. रात्रीच्या त्या बारा तासांत रक्तातलं औषध उतरतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. त्यातले चिवट तेवढे जगतात, वाढतात, आणि मग तेच औषध त्यांच्यावर चालेनासं होतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेतानाच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगितला होता.

पण दोष एकट्या रोग्याचा का? २०१२ च्या जानेवारीत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांच्या रुग्णांची बातमी देशभर गाजली. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षय! त्याच डॉक्टरांनी आधी धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना अशा हट्टी क्षयासाठी औषधं लिहायला सांगितली होती. बरोबर लिहिली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जणांनी. आता अडाणी कोणाला म्हणायचं?

आमच्या तालुक्यातल्या वाड्या-तांडे दिवाळीनंतर ओस पडतात. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, क्षयाचा साधा उपचारही सहा महिन्यांचा. २०१७ पर्यंत सरकारी गोळ्या आठवड्यातून तीनदा असत, आता त्या रोज घ्यायच्या. औषध फुकट आहे, आणि रुग्णाची नोंद कारखान्याकडच्या आरोग्य केंद्रात बदलूनही मिळते. पण पहाटे चारला फडात उतरणाऱ्याला हे सांगणार कोण? मुकादमाला उचलीचा पैसा न् पैसा पाठ असतो, कारखाना मोळ्यांचं वजन किलोत करतो. मग एका माणसाच्या एका गोळीची वेळ कोणाच्याच वहीत का नसावी?

माझं मागणं एवढंच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'तीन वेळा' न लिहिता घड्याळाची वेळ लिहावी. जेवणाबरोबरची गोळी असेल तर तसं लिहावं. आणि गाव सोडणाऱ्या प्रत्येक रोग्याला पुढच्या केंद्राचं नाव सांगूनच पाठवावं.

विद्यार्थ्याचे उपचार पुन्हा सुरू झाले आहेत. या वर्षी तो फडावर जाणार नाही म्हणतो, पण उचल फेडायची आहे... त्याला मी रोज सकाळी आठला फोन करतो. गणिताच्या तासालाही हा मुलगा उशिराच यायचा. आता मात्र उशीर चालणार नाही.