दोनास एक!

मुलांनो, बास्केटबॉलच्या सामन्यात एक संघ किती गुण करतो? साठ-सत्तर तर सहज! आता हा सामना ऐका.

४ एप्रिल १८९६. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को शहर. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुली विरुद्ध बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुली. दोन विद्यापीठांच्या मुलींमधला हा पहिलाच सामना. एकेका संघात नऊ जणी. बघायला शेकडो बायका, पुरुषांना मात्र दार बंद! मुलींनी परक्या पुरुषांसमोर धावणं-उड्या मारणं तेव्हा बरं दिसत नसे ना! स्टॅनफर्ड जिंकलं. गुण? २-१!

हसलात? पण पुढचं ऐका. १८९९ मध्ये स्टॅनफर्डनेच आपल्या मुलींना बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी केली. जिंकलेल्या पोरींना काय वाटलं असेल, सांगा बरं! सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, असा कायदा व्हायला १९७२ साल उजाडलं.

१९८५ मध्ये टारा व्हॅनडर्व्हीर या बाई स्टॅनफर्डच्या प्रशिक्षक झाल्या. लहानपणी मुलगे त्यांना खेळायला घेईनात, म्हणून त्यांनी सगळ्यांत छान चेंडू मिळवला. चेंडू हवा तर मलाही घ्या! (आमच्या शाळेतही ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग!) त्यांच्या हाताखाली स्टॅनफर्डच्या मुली १९९० आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मग तब्बल एकोणतीस वर्षं हुलकावणी. २०२१ मध्ये अंतिम सामना ॲरिझोनाशी. जिंकल्या, ५४-५३ ने. पुन्हा एकाच गुणाने!