दाराला स्वयंपाकघरातलं तेल घालू नका

रात्री कोणी उठलं की दार करकरतं आणि नुकतंच झोपलेलं बाळ जागं होतं. घरातली वडीलधारी माणसं तर सगळ्यांची झोपमोड नको म्हणून बाथरूमला जायचंही टाळतात. अशी दारं आपण वर्षानुवर्षं चालवून घेतो, ते मला पटत नाही. माझी विनंती आहे की या रविवारी घरातलं प्रत्येक दार, खिडकी, कपाट एकदा सावकाश उघडून-मिटून पाहा. जिथं आवाज येईल तिथं लगेच हात घाला. मात्र ओट्यावरची तेलाची बरणी तिथंच राहू द्या.

करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं हवा लागून हळूहळू घट्ट होतात. कढईला बाहेरून जी पिवळट, चिकट राप चढते, तीच बिजागरीच्या आत चढते आणि वर धूळ धरते. चार दिवस दार गप्प राहतं, मग पहिल्याहून जड होतं. खोबरेल इतक्या लवकर चिकटत नाही, पण साधारण २४ अंशांखाली ते थिजू लागतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत त्याचा काय उपयोग?

लोखंडी बिजागरीला शिवणयंत्राचं तेल घाला. हार्डवेअरच्या दुकानात बारीक नळीची छोटी बाटली मिळते. आधी जुन्या टूथब्रशनं धूळ आणि गंज झाडा, कोरड्या फडक्यानं पुसा. मग सांध्याच्या वरच्या टोकाला दोन थेंब सोडा आणि पल्ला पुढे-मागे करत राहा, म्हणजे तेल आपोआप खाली उतरतं. काळं तेल बाहेर आलं की पुसून घ्या आणि पुन्हा एक थेंब द्या. बिजागरीची खीळ निघणारी असेल तर तिला व्हॅसलीन किंवा ग्रीस चोळणं उत्तम, ते जास्त टिकतं. पण एका वेळी एकच खीळ काढा आणि दाराखाली पाचर ठेवा. दार अंगावर येऊ शकतं.

डब्ल्यूडी-४० हे फवाऱ्याच्या डब्यात मिळणारं द्रावण १९५३ साली अमेरिकेत तयार झालं, ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. गंजून अडकलेली कडी किंवा कोयंडा सोडवायला त्याला तोड नाही. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे पातळसा थर उरतो. म्हणून कडी सुटल्यावर ती पुसून तेल घालाच. हा फवारा पेट घेतो, तेव्हा देवघरातला दिवा किंवा गॅस चालू असताना तो हातात घेऊ नका.

कुलपात आणि लॅचमध्ये तेल नको. तिथं धूळ चिकटून आतल्या बारीक पिना अडकतात. मऊ शिसाची पेन्सिल, ४बी किंवा ६बी, किल्लीच्या दात्यांवर भरपूर घासा आणि किल्ली आत घालून फिरवा. असं तीन-चार वेळा केलं की कुलूप हलकं होतं. सरकत्या खिडकीचा ट्रॅक आधी नीट झाडा, मग सिलिकॉनचा फवारा मारा. साध्या तेलानं तिथलं रबर फुगू शकतं. लाकडी खणांच्या कडांना मेणबत्ती घासली तरी पुरे.

आता पावसाळ्याचं. दार चौकटीला घासत असेल तर तेलानं काही होणार नाही, लाकूड फुगलेलं असतं. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा, कारण ते सैल झाले की दार खाली बसतं. भोक मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका आणि सुकल्यावर स्क्रू बसवा. सुताराला रंधा मारायला लगेच बोलावू नका. दिवाळीनंतर लाकूड वाळतं, आणि आत्ता तासलं तर तेव्हा फट पडते. तोवर धीर धरा.

गॅसच्या शेगडीचं बटण जड झालं असेल तर स्वतः काहीही घालू नका. तिथं उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं, ते मेकॅनिकचं काम. विजेच्या बटणांनाही तेल लावू नका.

काम झाल्यावर फरशीवर सांडलेला थेंब साबणानं पुसा, नाहीतर कोणी घसरेल. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आणि शेजारी कोणी आजी-आजोबा एकटे राहत असतील तर त्यांना विचारून त्यांच्याही दारांना तेल घालून या. स्टुलावर चढून वरच्या बिजागरीपर्यंत हात नेणं त्यांना जमत नाही, आणि सांगायला ते संकोचतात.