विषारी म्हणे!

परवा एका व्याख्यानात ऐकलं: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची माणसं आतल्या गाठीची, बेरकी असतात, दुसऱ्याचं दुःख त्यांना कळतच नाही, तेव्हा चार हात लांब राहा. टाळ्याही पडल्या.

पुरावा काय, तर ‘काळी त्रयी’. २००२ साली आत्मप्रेम, कावेबाजपणा आणि निर्दय मनोवृत्ती एका दावणीला बांधली गेली, खरं आहे. पण बॉर्डरलाइन त्यात नव्हतं. २०१० साली ते ज्या दुसऱ्या त्रयीत आलं, तिच्या नावातच ‘हळवी’ अशा अर्थाचा शब्द आहे. वक्त्यांनी नेमका तोच गिळला. आणि कावेबाजपणाला थंड डोकं लागतं हो! रात्री दोनला अकरा मेसेज पाठवायचे, पहाटे नऊ पुसायचे, सकाळी रडत माफी मागायची, हा कसला कावा? चाणक्य असा वागता तर नंद गादीवरच राहिले असते.

पण माझी खरी चिडचिड त्या ‘कळतच नाही’वर. अमेरिकी निदानपुस्तिकेत या विकाराची नऊ लक्षणं आहेत. पाच जुळावी लागतात. समानुभूतीचा अभाव त्या नवांत नाहीच. तो आत्मप्रेमी विकाराच्या यादीत आहे. वक्त्यांचं पान उलटलं असावं. डोळ्यांच्या नुसत्या पट्टीवरून भाव ओळखायची ३६ फोटोंची एक चाचणी आहे. २००९च्या एका अभ्यासात हे रुग्ण तीत इतरांपेक्षा सरस ठरले. पुढे सगळीकडे तसं झालं नाही, हेही सांगते.

माझ्या भाचीला हा विकार आहे. फोनवर मी नुसतं ‘हं’ म्हटलं की ती विचारते, “मावशी, चिडलीस?” मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. माझं लक्ष उडालंय हे तिनं अचूक टिपलेलं असतं. चुकतो तो अर्थ. याला न कळणं म्हणतात?

नैराश्याला ‘रिकामटेकड्यांची थेरं’ म्हणणाऱ्यांशीही मी पूर्वी अशीच भांडले होते. त्यातल्या एकांनी नुकताच डॉक्टरांचा नंबर मागितला. असो.

घरच्यांचे हाल होतात, कबूल. काही रुग्ण दुष्टही वागतात, तसे धडधाकट लोकही वागतात.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठा उपाय नाही. मी म्हणते, “चिडले नाहीये गं, कुकर होता. दहा मिनिटांनी करते.” आणि दहाव्या मिनिटाला फोन करते.